धनेश आणि उदमांजर : अरण्याचे दोन बीजवाहक

थंडीचे दिवस होते. रात्रभर कौलांवर कोणीतरी धावते आणि त्यामुळे झोप लागत नाही, अशी तक्रार वसतिगृहातील सातवीच्या मुलांनी एका सकाळी केली. दोन-तीन रात्री लक्ष ठेवल्यावर उलगडा झाला. बॅटरीच्या प्रकाशात दोन डोळे चमकले आणि मागोमाग एक लांब काळसर शेपटी वाशावरून सरकत गेली. ते उदमांजर होते. आमच्या गावी याला कांडेचोर म्हणतात, असे एका मुलाने सांगितले. तो कोंबड्या पळवतो, अशीही माहिती त्याने पुरवली. त्या संध्याकाळी चार-पाच मुले काठ्या घेऊन तयार राहिली.

काठ्या खाली ठेवल्या गेल्या त्या एका प्रश्नामुळे. कुंपणाच्या भिंतीवर रोज सकाळी त्या प्राण्याची विष्ठा पडलेली दिसे. एका चौकस मुलाने ती काडीने उकलून पाहिली. तीत बोराच्या आठळ्या होत्या आणि उंबराच्या मोहरीहूनही बारीक अशा असंख्य बिया होत्या. पीस किंवा हाड एकही नव्हते. तो मुलगा पुस्तक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पुस्तकात हा प्राणी मांसाहारी गणात दिला आहे. मग याच्या पोटात बोरे कशी?"

या प्रश्नाचे उत्तर एका तासिकेत संपले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने तेच उत्तर येथे सविस्तर मांडत आहे. त्यासाठी उदमांजराच्या शेजारी मी एक पक्षी उभा करणार आहे. तो म्हणजे उष्ण प्रदेशातील घनदाट अरण्यांचा मानकरी, धनेश. एक पक्षी, एक सस्तन प्राणी. एक दिवसा हिंडणारा, एक रात्री. एकाचे छायाचित्र लोक घरात लावतात, दुसऱ्याला पाहताच दगड उचलतात. अशा दोघांची तुलना कशासाठी करावयाची, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

धनेश : बंद दाराआडचा संसार

भारतात धनेशाच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी चार महाराष्ट्रात दिसतात : महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि उघड्या रानांत, क्वचित गावाजवळही राहणारा साधा राखी धनेश. यांतील महाधनेश सर्वांत भव्य. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते आणि वजन दोन ते चार किलो असते. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांनी त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे.

त्याच्या प्रचंड पिवळ्या चोचीवर शिरस्त्राणासारखा एक उंचवटा असतो. तो जड दिसतो; प्रत्यक्षात आतून पोकळ असल्यामुळे हलका असतो. तरीही एवढी चोच पेलावयाची म्हणजे मान भक्कम हवी. म्हणून धनेशाच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांस जोडलेले असतात. तो उडत असताना पंखांतून वारा जोराने वाहतो आणि त्याचा फुसफुसाट बराच दूरवर ऐकू येतो. जुन्या वाफेच्या इंजिनाची उपमा या आवाजाला अनेकांनी दिली आहे आणि ती यथार्थ आहे.

धनेशाची जीभ आखूड असते. चोचीच्या टोकाशी धरलेले फळ तिला घशापर्यंत नेता येत नाही. म्हणून तो फळ हवेत किंचित उडवतो आणि थेट घशात झेलतो. फळ अखंड गिळले जाते, चावले जात नाही. गर पचतो आणि मोठी बी काही वेळाने तोंडावाटे बाहेर टाकली जाते; वड-उंबराच्या बारीक बिया विष्ठेतून पडतात. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

धनेशाचा विणीचा हंगाम हा निसर्गातील विश्वासाचा एक विलक्षण नमुना आहे. हिवाळा सरता सरता मादी एखाद्या जुन्या, उंच वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व अन्नाचे अवशेष यांचा लेप देऊन ढोलीचे तोंड आतून बंद करते. केवळ एक अरुंद फट उरते. आत ती उडण्याची पिसे गाळते, म्हणजे त्या काळात तिला उडता येत नाही. महाधनेशाची मादी एक किंवा दोन अंडी घालते. ती आत असेपर्यंत तिचे आणि पुढे पिलाचेही पोषण नराने त्या फटीतून दिलेल्या घासावर अवलंबून असते. या काळात नराची शिकार झाली, तर एका गोळीने सारे कुटुंब संपते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावयास हवी. आपण ज्याला फलाहारी म्हणून ओळखतो, तो धनेश पिलांसाठी सरडे, कीटक, लहान साप, प्रसंगी दुसऱ्या पक्ष्यांची पिलेही आणतो. वाढत्या जिवाला प्रथिने लागतात. तेव्हा 'फलाहारी' हे विशेषणही पूर्ण सत्य नव्हे.

उदमांजर : नावाने मांजर, गणाने मांसाहारी

उदमांजर हे मांजर नव्हे. त्याचे कुळ वेगळे आहे. जवादी मांजर त्याच कुळातील. लोक त्याला ताडमांजरही म्हणतात, कारण ताडाच्या झाडावर चढून मडक्यातील ताडी पिण्याची त्याची ख्याती आहे. देहाची लांबी साधारण दीड ते दोन फूट, शेपटी जवळजवळ तेवढीच लांब, वजन दोन ते पाच किलो. म्हणजे वजनाच्या तराजूत महाधनेश आणि उदमांजर जवळजवळ बरोबरीचे! केस राखाडी-काळे आणि मुखावर पट्टा बांधल्यासारखी खूण. ते एकटे राहते, दिवसा ढोलीत किंवा घराच्या माळ्यावर झोपते आणि रात्र झाली की बाहेर पडते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. प्राणिशास्त्रात 'मांसाहारी गण' ही संज्ञा एका वंशाला दिलेली आहे. ज्यांच्या पूर्वजांना मांस कातरण्याजोग्या विशिष्ट दाढा होत्या, त्या सर्वांचा समावेश या गणात होतो. वाघ आणि लांडगा यात आहेत. परंतु मध, वाळवी आणि मोहाची फुले यांवर ताव मारणारे अस्वलही यातच आहे आणि जन्मभर बांबू चघळणारा चीनमधील पांडाही यातच आहे. गणाचे नाव प्राण्याचा वंश सांगते, त्याचे ताट सांगत नाही. उदमांजर उंदीर, घुशी, कीटक, अंडी खाते, संधी मिळाल्यास कोंबडीचे पिलूही उचलते. पण त्याच्या आहाराचा मोठा भाग फळांचा असतो. वड, उंबर, बोर, जांभूळ, करवंद, चिकू, आंबा आणि भेरली माडाची फळे ते आवडीने खाते. भेरली माडाच्या फळाचा गर हाताला लागला तरी खाज सुटते, हे कोकणातील मुलांना सांगावयास नको. उदमांजराला मात्र त्याचे काही वाटत नाही.

त्याचाच एक भाऊबंद, तपकिरी ताडमांजर, सह्याद्रीशिवाय जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. तमिळनाडूतील कळक्काड-मुंडनतुरै येथील वर्षावनात डॉ. दिव्या मुडप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्याचा अनेक महिने अभ्यास केला. विष्ठेचे नमुने तपासले असता त्याचा आहार प्रामुख्याने फळांचा असल्याचे आढळले. मांसाहारी गणातील हा प्राणी व्यवहारात त्या अरण्याचा फलाहारी रहिवासी आहे.

उदमांजराची अन्ननलिका साधी आणि आखूड असते. गवत पचविणाऱ्या प्राण्यांसारखी तीत बी भरडली किंवा आंबवली जात नाही. गर तेवढा पचतो आणि बी अखंड, उगवण्याच्या शक्तीसह बाहेर पडते. म्हणजे मांसाहारी पूर्वजांकडून मिळालेले पोटच बीजाच्या रक्षणास उपयोगी ठरले. त्या मुलाला आठळ्या जशाच्या तशा दिसल्या त्या याच कारणाने.

बीजाला प्रवास का करावा लागतो?

कोणत्याही मोठ्या झाडाखाली उभे राहून पाहावे. तेथे फळांचा सडा पडलेला असतो, परंतु त्यातून वाढलेले तरुण झाड क्वचितच दिसते. मातृवृक्षाच्या सावलीत ऊन पोहोचत नाही. शिवाय त्या जातीच्या बिया खाणारे किडे, बुरशी आणि उंदीर तेथेच दबा धरून असतात. डॅनियल जान्झन आणि जोसेफ कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९७१ मध्ये स्वतंत्रपणे हा विचार मांडला की, बी मातृवृक्षापासून जितकी दूर पडेल, तितकी तिच्या जगण्याची शक्यता वाढते. वर्षावनात एकाच जातीच्या झाडांची गर्दी न होता शेकडो जाती शेजारी शेजारी नांदतात, त्याचे एक कारण त्यांनी यात पाहिले.

झाड स्वतः चालू शकत नाही. म्हणून ते वाहक शोधते आणि गर ही त्याने दिलेली मजुरी असते. वर्षावनातील बहुसंख्य वृक्षांनी ही मजुरी पशुपक्ष्यांना देऊ केली आहे. दिवसा येणाऱ्या वाहकाला बोलावण्यासाठी रंग लागतो. रानजायफळाचे फळ पिकले की आपोआप उकलते आणि आतील बीवर लालभडक पत्री दिसू लागते. ज्या जायपत्रीने आणि रामपत्रीने आपला मसाला सुगंधित होतो, ती मुळात पक्ष्यांसाठी लावलेली पताका आहे! रात्री येणाऱ्या वाहकाला रंगाचा फारसा उपयोग नाही. त्याच्यासाठी वास लागतो. म्हणून उदमांजराला आवडणारी कित्येक फळे रंगाने साधी आणि पिकल्यावर वासाने भरलेली असतात.

एखादा मोठा वड फळांनी लगडला की हे दोघेही तेथे येतात, फक्त त्यांची भेट होत नाही. सूर्योदयापासून धनेशांची दिवसपाळी, रात्र पडल्यावर उदमांजराची रात्रपाळी. झाड एकच, काम एकच. कामाची पद्धत मात्र निराळी.

धनेशाचा घसा रुंद असतो. बुलबुलासारखे लहान पक्षी जे फळ चोचीत धरूही शकत नाहीत, ते तो सहज गिळतो. धूप किंवा रानजायफळ यांसारख्या मोठ्या बीच्या वृक्षांसाठी असे वाहक मोजकेच असतात. शिवाय धनेश कित्येक किलोमीटरचा पल्ला उडून जातो. दरी ओलांडणे, एका राईतून दुसऱ्या राईत जाणे हे त्याच्या नित्याचे आहे. परंतु त्याच्या कामात एक उणीवही आहे. विणीच्या हंगामात नर सारी फळे घरट्याकडे आणतो. त्यामुळे ढोलीखाली बियांचा ढीग पडतो आणि त्या गर्दीत पुष्कळ रोपे दगावतात.

उदमांजराचा पल्ला त्यामानाने लहान. धनेशाच्या घशात मावणारी सर्वांत मोठी बी त्याला पेलत नाही. मात्र ते जेथे जाते, तेथे धनेश सहसा जात नाही. महाधनेशाला मोठे, सलग अरण्य लागते. उदमांजर बागेत, पडीक शेतात, गावकुसाजवळ, आपल्या वसतिगृहाच्या कौलांवरही येते. विष्ठा टाकण्यासाठी ते बहुधा उघडी जागा निवडते : पडलेला ओंडका, खडक, पायवाट, भिंत. अशा उघड्या जागी ऊन पोहोचते आणि उन्हात वाढणाऱ्या झाडांच्या बियांना तेच हवे असते. थोडक्यात, धनेश अरण्यातून अरण्याकडे बी नेतो. उदमांजर ती अरण्याच्या काठावर आणि जेथे अरण्य उरले नाही, तेथेही नेऊन ठेवते.

म्हणून या दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे. धनेश नाहीसा झाला तर त्याचे काम उदमांजर करू शकणार नाही आणि उदमांजर गेले तर त्याची जागा धनेश घेणार नाही. दोघांपैकी एकही नसलेले रान काही वर्षे हिरवेच दिसेल. जुने वृक्ष उभे असतील, फळेही धरतील. पण त्यांची जागा घेणारी पिढी जमिनीवर तयार होत नसेल. ही हानी शंभर वर्षांनी दिसते. तेव्हा ती भरून काढणे कोणाच्याही हाती नसते.

मान आणि अपमान

आता तुलनेचा शेवटचा भाग, जो मुलांना मी मुद्दाम शेवटी सांगितला.

धनेशाचा आपण मान करतो, तरी तो संकटात आहे. २०१८ पासून महाधनेशाची नोंद जागतिक पातळीवर 'असुरक्षित' जातींत झाली आहे. त्याची ढोली तो स्वतः कोरू शकत नाही. जुन्या, जाड वृक्षात आपोआप तयार झालेली पोकळीच त्याला लागते. बेहड्यासारखा शतायुषी वृक्ष लाकडासाठी किंवा नव्या लागवडीसाठी तोडला की पुढील कित्येक पिढ्यांचे घर जाते. शिवाय त्याची चोच, त्याची पिसे आणि औषधी समजली जाणारी चरबी यांसाठीही तो मारला गेला. लोकांना तो फार सुंदर, फार गुणकारी वाटला, हेच त्याच्या जिवावर बेतले.

उदमांजर मरते ते उलट कारणाने. त्याला चोर म्हटले की त्याच्यासाठी काठी उचलण्यास दुसरे कारण लागत नाही. खुराड्यातील एका पिलाचा हिशेब आपण ठेवतो. त्याने खाल्लेल्या उंदरांचा आणि पेरलेल्या बियांचा हिशेब कोणी ठेवत नाही. इंडोनेशियात त्याच्या विष्ठेतून निघालेल्या कॉफीच्या बियांना मोठी किंमत मिळू लागली, तेव्हा त्याची किंमत कळली असे वाटावे. पण तेथेही परिणाम असा झाला की, कित्येक उदमांजरांना पिंजऱ्यात कोंडून कॉफीची फळे खाऊ घालण्याचा धंदा सुरू झाला. पिंजऱ्यातील उदमांजर कोणतेही रान पेरत नाही.

एकाला मानाने मारले, दुसऱ्याला अपमानाने. दोन्ही ठिकाणी चूक एकच : त्या जिवाचे काम न पाहता त्याच्यावर आपण लावलेली पाटी पाहिली गेली. एखाद्याची पारख जन्माच्या पाटीवरून न करता त्याच्या कर्मावरून करावी, हे आपल्या शाळेतील मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाटीचा जाच सोसावा लागला, त्यांना ते अनुभवाने ठाऊक आहे. तो न्याय वर्गाबाहेरच्या जिवांनाही लावावा, एवढेच माझे म्हणणे होते.

आणि माणसाची दृष्टी बदलू शकते, याचा दाखला आहे. अरुणाचल प्रदेशातील निशी समाजात पुरुषांच्या शिरोभूषणावर धनेशाची चोच लावण्याची परंपरा आहे. तेथील पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात ग्रामस्थ, वनविभाग आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था यांनी धनेशाची घरटी राखण्याचा उपक्रम हाती घेतला. ज्यांना अरण्याची खडान्खडा माहिती होती, अशा स्थानिकांना, त्यांत पूर्वी शिकार करणारेही होते, घरट्यांचे रक्षक म्हणून नेमले गेले. शिरोभूषणासाठी कृत्रिम चोची तयार झाल्या. परंपरा राहिली आणि पक्षीही राहिला.

तित्तिराची गोष्ट

लेख संपविण्यापूर्वी तित्तिर जातकाचे स्मरण होते. एका वटवृक्षापाशी हत्ती, वानर आणि तित्तिर पक्षी असे तीन मित्र राहत होते. आपल्यात वडील कोण, हे ठरविण्यासाठी त्यांनी एकमेकांना विचारले की, हा वड तुम्ही प्रथम पाहिला तेव्हा केवढा होता. हत्ती म्हणाला, मी लहान असताना हा माझ्या पोटाला लागत असे. वानर म्हणाला, मी जमिनीवर बसून याचा शेंडा खाल्ला आहे. तित्तिर म्हणाला, मी दूरच्या एका वडाची फळे खाल्ली आणि येथे विष्ठा टाकली. त्यातून हे झाड उगवले. हत्ती आणि वानर यांनी त्या लहानशा पक्ष्याला वडीलकीचा मान दिला.

ही गोष्ट मुलांना ज्येष्ठांचा आदर शिकविण्यासाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तीत एक निरीक्षणही दडलेले आहे : ज्याच्या सावलीत आपण बसतो, तो वृक्ष कोणाच्या तरी पोटातून आलेला असतो. बीजप्रसाराचे शास्त्र आधुनिक काळात मांडले गेले. ती गोष्ट सांगणाऱ्यांनी मात्र ही घटना डोळ्यांनी पाहिली असली पाहिजे.

वसतिगृहातील प्रकरणाचा शेवट साधा आहे. मुलांनी काठ्या गोठ्यात ठेवल्या. शेजारच्या वस्तीतील एका आजींच्या खुराड्याला दार नव्हते. मुलांनी सुट्टीच्या दिवशी जाळी आणि फळी आणून ते बसवून दिले. भिंतीवर मिळालेल्या आठळ्या त्यांनी पिशव्यांत रुजविल्या. सर्व रुजल्या नाहीत. ज्या रुजल्या त्यांची रोपे पावसाळ्यात शाळेमागच्या उतारावर लावली आणि काहींना शेळ्यांनी खाल्ले. उरलेल्या दोन बोरी आज डोक्याच्या वर गेल्या आहेत. हिवाळ्यात रात्री कौलांवर अजूनही पावले वाजतात. नवीन आलेली मुले दचकून उठतात, तेव्हा मोठी मुले त्यांना सांगतात, "झोपा, तो कामावर निघाला आहे."